गाडीतली लाईट का गेली?

मागच्या अंकात आम्ही विहिरीवरच्या मोटारीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे मोटारीची नव्हतीच, इन्व्हर्टरची होती. "बॅटरी नवी घेतली तरी टीं टीं करतो", "लाईट गेली की पंखा चालतो पण फ्रिज सुरू झाला की सगळेच बंद पडते", "दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, घरचे म्हणतात इन्व्हर्टर गेला". या तक्रारी वाचून आम्हाला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. कारण हाच घोटाळा आमच्या घरी झाला होता, आणि तोही घरात नव्हे, गाडीत. पंधरा हजार रुपये आणि एक भयंकर रात्र एवढी किंमत मोजून आम्ही जे शिकलो ते या वेळी सांगतो.

आमची गाडी म्हणजे जुनी बारा आसनी ट्रॅव्हलर. अब्बांचे वय सत्तरीच्या पुढे. रात्री झोपेत त्यांचा श्वास मधेच अडतो, म्हणून डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारे यंत्र दिले आहे. ते यंत्र रात्रभर चालले पाहिजे. अम्मींना साखर आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. अशा दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठे जायचे म्हटले की लॉजच्या पायऱ्या, तिथला वीजपुरवठा, खोलीतले एकच प्लग-पॉइंट, सगळ्याची धास्ती. म्हणून आरटीओची रीतसर परवानगी काढून मागची आसने काढली, दोन बर्थ टाकले, एक छोटा ओटा केला. गाडीत असा बदल परवानगीशिवाय केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग होतो आणि अपघात झाल्यावर विमावालेही हात वर करतात, एवढे आधीच सांगून ठेवतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी आपल्याकडेही वाढली आहे. पण आमचा हेतू पर्यटनाचा कमी आणि अब्बांना घेऊन नातेवाइकांकडे जाता येण्याचा जास्त होता.

गाडीत विजेची सोय एका मिस्त्रीने करून दिली. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर मागे, बर्थच्या पायथ्याशी, "हवा लागेल म्हणून". दोघांच्या मधून गाडीच्या अंगाने नेलेली तार. इंजिन चालू असताना अल्टरनेटर या बॅटरीला चार्ज करतो. मधे एक रिले बसवला, म्हणजे इंजिन बंद झाले की ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीपासून तुटते आणि सकाळी स्टार्टर मारायला करंट शिल्लक राहतो. हा रिले मिस्त्रीने चांगला बसवला होता, त्याबद्दल त्याला दुवा. बाकीचे पुढे येईलच.

वलगावात आमच्या अंगणात उभ्या गाडीत आम्ही सगळे तपासून पाहिले. इंजिन सुरू केले, अब्बांचे यंत्र लावले, अम्मींच्या इन्सुलिनसाठी घेतलेला छोटा फ्रिज लावला, दिवे लावले. सगळे झकास. तासभर चालले. आम्ही खूश. इंजिन सुरू ठेवून तपासले, ही आमची पहिली चूक. ती चूक आहे हे कळायला चार महिने लागले.

डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो. अब्बांची इच्छा होती. शाळेत असताना ते एकदा गाविलगडावर गेले होते आणि तिथली जुनी मशीद त्यांना पुन्हा पाहायची होती. परतवाड्यावरून घाट चढून संध्याकाळी पोहोचलो, ओळखीच्या एका माणसाच्या आवारात गाडी लावली. गार वारा, जेवण गाडीतच. रात्री दहाला अब्बांनी मास्क लावला, यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला आणि आम्ही झोपलो.

दीडच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडू लागला. आम्ही उठेपर्यंत आवाज थांबला आणि त्याच्याबरोबर यंत्रही. अब्बा मास्क ओढत उठून बसले होते, घामाघूम, तोंडातून शब्द फुटत नव्हता. यंत्र बंद पडले की त्या मास्कमधून पुरेशी हवा येत नाही. मास्कला भोके असतात, गुदमरून जीव जाईल असे सहसा होत नाही, पण झोपेतून तसे जागे होणाऱ्या माणसाला हे समजावून सांगता येत नाही. अम्मींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिले. बाकीची रात्र अब्बा बसून राहिले, आम्हीही. इन्व्हर्टर पुन्हा चालू केला तर चालू झाला. वीस मिनिटे चालला, पुन्हा बंद. मग पुन्हा चालू. सकाळपर्यंत चार वेळा.

दुसऱ्या दिवशी गडावर गेलोच नाही. अब्बा म्हणाले, "घरी चला." सरळ परत निघालो. वलगावजवळ पेढी नदी आली तेव्हा अब्बा पहिल्यांदा बोलले. गाडगेबाबा अमरावतीला जात असताना इथेच पेढीच्या काठी वारले, २० डिसेंबर १९५६ ला, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी एवढेच म्हणाले, "प्रवासात जायचा मान मोठ्या माणसांचा. आपल्याला घरीच बरं." ते हसत म्हणाले, पण आम्हाला हसता आले नाही.

अमरावतीत बॅटरीच्या दुकानात गेलो. त्यांनी मीटर लावला, आकडा पाहिला आणि म्हणाले, बॅटरी कमजोर आहे, बदला. रात्रभर वापरलेली बॅटरी सकाळी कमजोर दिसणारच, हे आज समजते. तेव्हा आम्ही घाबरलेलो होतो, आणि घाबरलेले गिऱ्हाईक भाव करत नाही. नवी बॅटरी घेतली. जुनीचे फारच थोडे पैसे देत होते म्हणून ती घरी आणली, एवढी एक अक्कल सुचली.

मग फेब्रुवारीत अकोल्याला लग्न. पाहुण्यांनी घर भरलेले, आम्ही गाडीतच झोपलो. पहाटे तीनला पुन्हा तेच. नवी कोरी बॅटरी, तोच टीं टीं, तेच यंत्र बंद. या वेळी अब्बा चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे मास्क काढला, वळकटीसारखा गुंडाळला आणि म्हणाले, "आता कुठंही नेऊ नका मला." ते वाक्य आम्हाला लागले.

गावात मोटारगाड्यांचे इलेक्ट्रिकचे काम करणारे एक वयस्कर उस्ताद आहेत. आधी त्यांच्याकडे गेलो नव्हतो, कारण ते ट्रॅक्टर-जीपवाले, आपली गाडी इन्व्हर्टरवाली, असा आमचा समज. सगळे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅटरी काहून बदलवली?" आम्ही दुकानदाराचे सांगितले. "मंग नव्या बॅटरीनं फरक पडला का?" नाही. "तं मंग बॅटरी खराब नव्हती. इतकं तं समजते ना?"

त्यांनी इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी सकाळपासून उभी होती, बॅटरी शांत होती. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला, १२.२ व्होल्ट. मग इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा हॅलोजन फोकस लावला, कारण फ्रिजचा झटका क्षणभराचा असतो आणि साध्या मीटरला तो पकडता येत नाही. फोकस एकसारखा भार देतो. फोकस लागताच बॅटरीवर ११.९. हे ठीक आहे, भार पडला की बॅटरी थोडी वाकतेच. आता त्यांनी तोच मीटर मागे नेऊन इन्व्हर्टरच्या टोकांना लावला. ९.४. आणि इन्व्हर्टर ओरडायला लागला.

बॅटरीकडून ११.९ निघतात आणि इन्व्हर्टरला ९.४ पोहोचतात. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? उस्तादांनी आमचा हात धरून तारेवर ठेवला. तार कोमट नव्हती, गरम होती.

हे गणित एकदा समजून घेण्यासारखे आहे, कारण घरच्या इन्व्हर्टरलाही ते तसेच लागू पडते. घरातल्या २३० व्होल्टवर ५०० वॅटचा फोकस दोन-सव्वादोन अँपिअर ओढतो, त्याला बारीक तार पुरते. पण तेच ५०० वॅट १२ व्होल्टमधून काढायचे तर, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून, साधारण ५० अँपिअर लागतात. वीसपटीहून अधिक. आमच्या मिस्त्रीने घराच्या हिशेबाने ४ एमएमची तांब्याची तार टाकली होती, पाच मीटर जायची आणि पाच मीटर यायची. अशा दहा मीटर तारेत ५० अँपिअर वाहिले की दोन-सव्वादोन व्होल्ट तारेतच उष्णता होऊन जातात. ही उष्णता नुसती वाया जात नाही, ती तारेचे आवरण वितळवते. आमचा बर्थ त्या तारेवर होता. यंत्र बंद पडले म्हणून आम्ही अल्लाहची कुरकुर करत होतो. आग लागली असती तर कुरकुर करायलाही उरलो नसतो.

उस्तादांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि आम्हाला वाटते ती या लेखातली सर्वात उपयोगाची आहे. भार चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी इन्व्हर्टरच्या प्लसला लावायची. दोन्ही प्लसच. तार निर्दोष असेल तर मीटरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. आमच्याकडे १.४ आले. तसेच मायनसला मायनस, १.१ आले. दोन्ही मिळून अडीच. मग प्लसच्या बाजूला पिन पुढे पुढे सरकवत नेली तर इन्व्हर्टरकडच्या लगवरच, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या तांब्याच्या कडीत, ०.३ व्होल्ट जात होते. ती कडी पक्कडीने चेपलेली होती, नीट दाबलेली नव्हती. चोर कुठे बसला आहे हे मीटर बोट धरून दाखवतो. तीनशे-चारशे रुपयांचा मीटर पुरतो, त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही.

आता रात्री काय घडत होते ते उलगडले. अब्बांचे यंत्र गरीब आहे. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर ते ३०-४० वॅटवर चालते, आठ तासांत २५-३० अँपिअर-अवर. १५० च्या बॅटरीला ते काहीच नाही. पण छोटा फ्रिज, जो चालताना ७०-८० वॅट खातो, तो दर वेळी सुरू होताना क्षणभर पाच-सहापट ओढतो. त्या क्षणी तारेत अडीच व्होल्ट पडायचे. संध्याकाळी प्रवास करून आलेली बॅटरी ताजी, तिच्या जिवावर निभायचे. दीड-दोन वाजता बॅटरी १२.१ वर आली की त्यातून अडीच वजा, इन्व्हर्टरला साडेनऊ मिळाले. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास आले की "बॅटरी संपली" समजून बंद होतात. म्हणजे अम्मींच्या इन्सुलिनचा फ्रिज अब्बांचा श्वास बंद करत होता, आणि बॅटरीत अर्ध्याहून जास्त वीज शिल्लक होती. पुन्हा सुरू केले की चालायचे, कारण फ्रिज तोवर थंड होऊन गप्प झालेला असायचा.

आणि अंगणात तपासले तेव्हा का कळले नाही? इंजिन सुरू होते. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता. त्यातून अडीच गेले तरी पावणेबारा उरतात, इन्व्हर्टरला पत्ताच नाही. कोणतीही तपासणी करायची ती रात्री जशी परिस्थिती असते तशीच करून पाहायची, हे आम्ही त्या दिवशी वहीत लिहून ठेवले.

दुरुस्ती साधी निघाली. बॅटरी पुढून उचलून मागे, इन्व्हर्टरला लागून, बाहेरून उघडणाऱ्या पेटीत ठेवली. मधली तार ३५ एमएमची, जेमतेम एक मीटर, कड्या नीट यंत्राने दाबलेल्या. आता तोच ५०० वॅटचा फोकस लावला तर तारेत दहावा हिस्सा व्होल्टसुद्धा जात नाही. पुढून मागे येणारी चार्जिंगची तार १६ एमएमची केली. गाडीच्या सांगाड्याला जिथे मायनस जोडला होता तिथला रंग आणि गंज घासून पत्रा उघडा केला. रंगावर बोल्ट आवळून मायनस मिळत नाही, हे इथल्या जीपवाल्यांना चांगले ठाऊक आहे, आमच्या मिस्त्रीला नव्हते.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १०० अँपिअरचा फ्यूज बसवला. हा आधी नव्हताच. उस्ताद त्यावरच सर्वात जास्त रागावले. फ्यूज इन्व्हर्टरच्या रक्षणासाठी नसतो, तारेसाठी असतो. गाडी हलते, तार पत्र्यावर घासते, आवरण फाटते, प्लस सांगाड्याला टेकतो. मधे फ्यूज नसेल तर पूर्ण बॅटरी त्या एका ठिणगीत रिकामी होऊ पाहते. पुढे अल्टरनेटरकडून येणाऱ्या तारेलाही तिच्या जाडीला साजेसा फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत.

एवढे झाल्यावर आम्ही फ्रिजचाच विचार केला. अम्मींच्या डॉक्टरांना विचारले. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, पण वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, फक्त ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि कधी गोठू द्यायचे नाही. प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनचे दिवस थोडे वेगळे असतात, खोक्यातला कागद पाहावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे. चार दिवसांच्या प्रवासाला एकच पेन लागते. त्यासाठी आम्ही रात्रभर फ्रिज चालवत होतो! आता एक रुंद तोंडाचा थर्मास आहे, त्यात बर्फाला थेट न टेकवता कापडात गुंडाळून पेन ठेवतो. मे महिन्यात मात्र आमच्या वऱ्हाडात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, तेव्हा थर्मासचे पाणीही दोनदा बदलावे लागते. फ्रिज आता घरी आहे, कोल्ड्रिंकसाठी मुलांचा लाडका.

अब्बांच्या यंत्रासाठीही एक सुधारणा केली. अशी अनेक यंत्रे मुळात १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवरच चालतात, सोबत येणारा चौकोनी डबा घरच्या २३० चे तेवढेच करून देतो. म्हणजे आपण बॅटरीचे १२ चे इन्व्हर्टरने २३० करतो, आणि तो डबा २३० चे पुन्हा खाली आणतो. या येरझाऱ्यात वीज वाया जाते आणि बिघडायला दोन जागा वाढतात. यंत्राच्या कंपनीचाच गाडीत लावायचा अडॅप्टर घेतला, तो बॅटरीवरून थेट चालतो. आता रात्री इन्व्हर्टर बंद पडला तरी अब्बांच्या यंत्राला त्याची खबर नसते. बाजारातला कोणताही स्वस्त अडॅप्टर मात्र लावू नका. व्होल्ट चुकले तर यंत्र जाते.

ज्यांना इन्व्हर्टरच वापरायचा आहे त्यांनी साइन वेव्हचा घ्यावा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, फ्रिजची मोटार तापते आणि वैद्यकीय यंत्रे कधी चालतात कधी नाहीत. पैसे थोडे जास्त, पण घरात रुग्ण असेल तर इथे काटकसर नको.

आता पत्रांकडे वळतो. यवतमाळच्या एका बहिणीने विचारले आहे की बॅटरी खरेच गेली की नाही हे घरी कसे ओळखावे. आधी वर सांगितल्याप्रमाणे तारा आणि कड्या तपासा. कड्यांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून, सगळे सोडवून, चार-पाच तास शांत ठेवा आणि मीटर लावा. इथे एक गोंधळ होतो. मोटारीच्या स्टार्टर बॅटरीत भरल्यावर १२.६ ते १२.७ येतात, घरच्या ट्युब्युलरमध्ये आम्ल थोडे पातळ असते म्हणून १२.५ च्या आसपासच येतात. ते पाहून "भरतच नाही" म्हणू नका. १२.१-१२.० म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मीटर लावला तर तेरा दिसतील, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

त्याहून खात्रीचे म्हणजे हायड्रोमीटर, काचेची पिचकारी, आत तरंगणारा काटा. सहाही घरांतले पाणी मोजायचे. भरलेल्या ट्युब्युलरमध्ये साधारण १.२२० ते १.२५० येते. नेमका आकडा बॅटरीवर छापलेला असतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की सहाही घरे सारखी हवीत. पाच घरे १.२४० आणि एक १.१८० असेल तर ते एक घर गेले, आणि एक घर गेले की बॅटरी गेली. सगळीच घरे सारखी पण कमी असतील तर बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे. तिला दोन दिवस सावकाश चार्ज द्या.

शिशाच्या बॅटरीचा हा स्वभाव जुना आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये ती बनवली तेव्हापासून तिचे दुखणे तेच, अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि पुढे निघता निघत नाही. म्हणून वापरून झाली की लवकर पूर्ण भरायची. गाडी महिनाभर उभी असेल तर आम्ही आता घरच्या लाईटवर चार्जर लावतो. आणि दुसरे दुखणे उन्हाचे. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य अर्ध्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत आणखी वर. गच्चीच्या जिन्याखाली, जिथे दुपारभर ऊन येते, तिथे बॅटरी ठेवणाऱ्यांनी ती उद्याच हलवावी. पाणीही उन्हाळ्यात लवकर उडते. दर महिन्याला पाहा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि तेही चार्ज झाल्यावर. आम्ल कधीही घालू नका. नळाचे किंवा बोअरचे क्षारी पाणी तर नाहीच, आमच्या इकडे खारपाणपट्ट्यातल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

काही गोष्टी जिवाच्या आहेत, त्या थोडक्यात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो पेटतो. म्हणून झोपण्याच्या जागेत उघड्या तोंडाची बॅटरी ठेवू नये. आमच्या पेटीतून बाहेर जाणारी नळी आहे. काम करताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना टेकला तर तो हातातच लालबुंद होतो. सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. आणि बॅटरी चार्ज व्हावी म्हणून गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, जनरेटर शेजारी ठेवूनही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस त्यातून उठत नाही.

लिथियम बॅटरीविषयी तिघांनी विचारले आहे. वजन कमी, जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते, पाण्याची कटकट नाही. महाग आहे, आणि गाडीच्या अल्टरनेटरवर ती थेट लावता येत नाही, मधे वेगळा चार्जर लागतो, नाहीतर ती अल्टरनेटरलाच जाळते. आमच्या गरजेला ट्युब्युलर पुरते. छतावर एक दीडशे वॅटचे सोलर पॅनेल टाकायचा विचार आहे. चांगल्या उन्हात दिवसाला ४० अँपिअर-अवरच्या आसपास मिळतात, म्हणजे अब्बांच्या यंत्राची एक रात्र भागून वर थोडे उरते.

दुरुस्तीनंतर अब्बांना गाडीत बसायला तयार करणे हे सगळ्या तारांपेक्षा अवघड गेले. शेवटी अंगणातच तोडगा काढला. इंजिन बंद, घराच्या प्लगला काही जोडलेले नाही, अब्बा रात्रभर गाडीत झोपले आणि आम्ही बाहेर खाटेवर. दर दोन तासांनी मीटर पाहून वहीत आकडा लिहिला. रात्री दहाला १२.५, पहाटे फजरच्या वेळी १२.३. अब्बांनी मास्क काढून पहिला प्रश्न विचारला, "किती झाले?" आकडा ऐकून म्हणाले, "बरं, मग गडावर कधी जायचं?"

एप्रिलमध्ये गेलो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. अब्बा मशिदीपर्यंत चालत गेले, भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. रात्री गाडीत आमच्याशिवाय कोणीच जागे झाले नाही. आम्ही मात्र दीड वाजता आपोआप उठून बसलो आणि यंत्राचा आवाज ऐकत राहिलो.

आणि ती "गेलेली" जुनी बॅटरी, जी आम्ही घरी आणून कोपऱ्यात टाकली होती? उस्तादांनी तिला दोन दिवस सावकाश चार्ज दिला आणि हायड्रोमीटर लावला. सहाही घरे १.२३५. आज ती आमच्या खालाच्या घरी दोन ट्यूब आणि एक पंखा चालवते आहे.

पुढच्या अंकात शिवणयंत्राची मोटार. ज्या बहिणींच्या मशीनमधून टाके सुटतात किंवा बारीक करंट लागतो, त्यांनी मशीनचे वय आणि मोटार वेगळी बसवलेली आहे की आतच आहे, हे पत्रात जरूर लिहावे.